चौकाला नाव नको, शनिवार चालू ठेवा

आम्हाला कायदा शिकवणारे सर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी ठाण्यात नौपाड्यातल्या हरिनिवास सर्कलच्या अलीकडे त्यांचा फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'कॅप्टन' आणि नाव, डाव्या बाजूला उलटी रोवलेली बंदूक आणि तिच्यावर शिरस्त्राण असं इंटरनेटवरून उचललेलं चित्र, आणि तळाला शोकाकुल म्हणून सव्वीस जणांचे हसरे चेहरे. मी मोजले. मधला फोटो १९६६ सालचा, गणवेशातला. भरघोस केसांचा, तेवीस वर्षांचा तो मुलगा आमच्यापैकी कुणालाच ओळखू येईना. आम्हाला ठाऊक होते ते टकलावरून हात फिरवत, खांद्याच्या कापडी पिशवीत थर्मास घेऊन सकाळी सात पंचविसाला वर्गात शिरणारे आणि आदल्या तासाचा फळा स्वतः पुसणारे सर. त्यांच्या दारावरच्या पाटीवरही फक्त 'प्रा.' होतं. 'कॅप्टन' त्यांनी ना पाटीवर लावलं, ना लग्नपत्रिकेत.

फ्लेक्स अनधिकृत होता. महापालिका हद्दीत असा फलक लावायचा तर महापालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली आयुक्तांची परवानगी लागते. शहरं विद्रूप करणाऱ्या फलकांविरुद्ध १९९५ चा वेगळा कायदा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाचा २०१७ चा सविस्तर निकालही आहे. श्रद्धांजलीला यातून सूट असल्याचं माझ्या वाचनात नाही. मी तक्रार केली, फलक निघाला. दोन वर्गमित्रांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तो फोटो त्यांनी फाडला तर नाही ना गं? तेवढा एकच आहे गणवेशातला." मूळ फोटो त्यांच्याकडेच आहे हे सांगितल्यावर त्या निवांत झाल्या.

हे प्रकरण इथेच मिटलं असतं. पण घंटाळीजवळच्या सभागृहात शोकसभा झाली आणि तिथे एक सूचना आली: नौपाड्यातल्या एखाद्या चौकाला सरांचं नाव द्यावं, छोटं शिल्प उभारावं, जमलं तर लष्कराची निकामी झालेली जुनी तोफ मागून घ्यावी. टाळ्या पडल्या. समितीही तिथल्या तिथे झाली आणि त्या समितीत मी आहे. माझा या सूचनेला विरोध आहे. तो बैठकीत अर्धवट मांडला गेला, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी दोन आकडे. सर सैन्यात पाच वर्षं होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला अधिकारी कमी पडत होते, तेव्हा पदवीच्या वयातल्या मुलांना आणीबाणी कमिशन देऊन थोड्या महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर घेतलं गेलं. सर त्यांतले. १९६५ ला सियालकोट आघाडीवर होते, १९६८ ला मोकळे झाले. या अधिकाऱ्यांना पेन्शन नव्हतं, मुदत संपली की घरी. मग ते कायदा शिकले, ठाणे कोर्टात काही वर्षं वकिली केली आणि १९७५ पासून २००३ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, कायदा शिकवला. शोकसभेत अकरा जण बोलले. त्यांतले नऊ जण त्या पाच वर्षांवर बोलले.

असं का होतं, हे मला कळतं. गणवेशाबद्दल बोलायला माहिती लागत नाही. 'सीमेवर लढले' म्हटलं की सभागृह आपोआप गंभीर होतं. त्याउलट एखाद्या माणसाने घटनेतलं जगण्याच्या हक्काचं कलम २१ वर्गाला कसं समजावलं हे सांगायचं तर आधी आपल्याला ते समजलेलं असावं लागतं. वकिलांच्या सभेतही हीच पळवाट घेतली जावी, याचं मला जरा वाईट वाटलं.

आणि या दोन आयुष्यांमधला सांधा तर कुणी उच्चारलाच नाही. तो सांधा म्हणजे कलम ३३. घटनेच्या मूलभूत हक्कांच्या भागातच हे कलम बसलेलं आहे आणि ते सांगतं की सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे हे संसद कायद्याने ठरवू शकते. त्याच आधारावर लष्करी कायदा, १९५० याच्या कलम २१ ने जवानाच्या संघटना करण्यावर, सभांना जाण्यावर, वर्तमानपत्रांशी बोलण्यावर बंधनं घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. सर कलम १९ शिकवायला कधी थेट सुरुवात करत नसत. आधी कलम ३३ फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, या कलमाखाली मी पाच वर्षं काढली आहेत, आता त्याच्या बाहेर काय काय आहे ते बघू. भाषण आणि संघटना स्वातंत्र्याची किंमत ज्याने ती सोडून पाहिली आहे त्याच्याकडून ऐकणं वेगळं असतं. साडेसातच्या तासाला डुलक्या घेणारी आमची बाकंसुद्धा त्या दिवशी जागी असत.

दुसरा तास वारसा कायद्याचा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६५ आणि ६६ मध्ये युद्धावर असलेल्या सैनिकाला मृत्युपत्राची खास सवलत आहे. नुसतं तोंडी सांगितलं, दोन साक्षीदार असले, तरी चालतं. सर सांगायचे की १९६५ च्या सप्टेंबरात खंदकात बसून त्यांनीही दोन सोबत्यांना सांगितलं होतं, घड्याळ धाकट्या भावाला आणि पोस्टातले पैसे आईला. वर्ग भारावून जायचा. मग ते विचारायचे, हे मृत्युपत्र वैध होतं का? सगळे एका सुरात 'हो सर'. मग ते आम्हाला तिसरी अनुसूची काढायला लावायचे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या मृत्युपत्रांना या कायद्यातली कोणती कलमं लागू होतात त्याची यादी तिथे आहे. ५९ आहे, ६१ ते ६४ आहेत, मग एकदम ६८. पासष्ट, सहासष्ट नाहीतच. म्हणजे आपल्या सैन्यातल्या बहुसंख्य जवानांना ही सवलत लागूच नाही. त्यांना खंदकातही रीतसर कागद, सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. सरांना हे सैन्यात असताना कुणी सांगितलं नव्हतं, कायदा शिकायला आल्यावर कळलं. "तोवर मी घड्याळ स्वतःच वापरत होतो," असं म्हणून ते मनगट दाखवायचे.

मला चौकातल्या तोफेबद्दल जी अडचण आहे ती सगळी या गोष्टीत आहे. जवानाबद्दल आपल्याला प्रेम भरपूर आणि त्याला लागू होणाऱ्या कायद्याबद्दल माहिती शून्य, अशी ही स्थिती. सरांचं सगळं उत्तरायुष्य या दोहोंमधल्या फटीत गेलं. निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी तीन ते सहा ते घरी बसायचे आणि माजी सैनिक किंवा त्यांच्या बायका कागदांच्या पिशव्या घेऊन यायच्या. वीस वर्षं हे चाललं. फी नाही, पाटी नाही. तोंडी पत्ता: 'नौपाड्यातले शनिवारचे सर'.

कोण यायचं? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांच्या गेटवर सिक्युरिटीत उभे असलेले निवृत्त हवालदार आणि नाईक, बरेचसे सातारा-सांगलीकडचे, कळवा, वागळे, दिघा, ऐरोली इथे भाड्याने राहणारे. अडचणी ऐकायला किरकोळ वाटतात. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, बायकोचं नाव 'सुमन', आधारवर 'सुमनबाई'. लग्न झालं तेव्हा युनिटमध्ये त्याची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही, त्यामुळे सरकारदरबारी नवरा अविवाहितच वारला आणि ती त्याची कुणी नाही. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेलं आहे, ओटीपी येतो, पण तो येतो मेलेल्या नवऱ्याच्या बंद पडलेल्या नंबरावर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला वेळेवर गेला नाही की पेन्शन थांबतं. ज्या बाईने चार महिने वाण्याकडे उधारी केली आहे तिच्यासमोर तुमची तोफ काय बोलणार?

सगळंच नावातल्या चुकांचं नसायचं. काही प्रकरणं खोल असत. धरमवीर सिंग नावाच्या सिग्नल कोअरमधल्या जवानाचा खटला सरांनी फोटोकॉपी करून गठ्ठ्याने ठेवला होता. १९८५ ला भरती, १९९४ ला फेफऱ्याच्या आजारामुळे घरी पाठवलं, अपंगत्व वीस टक्के. आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून अपंगत्व पेन्शन नाकारलं गेलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत तो धडधाकट ठरला असेल आणि आजाराची नोंद नसेल, तर नंतरचा आजार सेवेमुळे झाला असंच आधी धरायचं, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. त्याला घरी पाठवल्यापासून निकालापर्यंत एकोणीस वर्षं. एवढा सरळ नियम हातात असूनही गेटवर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला तो माहीत नसतो. त्याच्या हातात आलेल्या नकाराच्या पत्रावर दोन ओळी असतात, आणि त्या ओळी वाचून तो समजतो की विषय संपला.

सैन्यातल्या माणसाला अपिलाला जागाही बराच काळ नव्हती. १९८२ साली पृथीपाल सिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायव्यवस्था घटनाबाह्य ठरवली नाही, पण कोर्ट मार्शलच्या निर्णयावर एकसुद्धा अपील नसावं याबद्दल स्पष्ट खंत नोंदवली आणि सैन्यात गेला म्हणून माणूस घटनेच्या छायेबाहेर जात नाही असं सुनावलं. आमच्या वेळी, २००१-०२ ला, सर हा निकाल शिकवून तारीख विचारायचे आणि बोटांवर वर्षं मोजायचे. लष्करी न्यायाधिकरणाचा कायदा २००७ ला झाला, न्यायाधिकरण २००९ ला सुरू झालं. सत्तावीस वर्षं. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार, म्हणजे त्याच्या निकालात हस्तक्षेप करण्याचा अधिकार, त्यावर चालतो की नाही हा वाद तर २०२३ पर्यंत रेंगाळला. तेव्हा कुठे सर्वोच्च न्यायालयाने चालतो असं सांगितलं. सर तेव्हा ऐंशीचे होते. निकालाची प्रत त्यांनी माझ्याकडून मागवून घेतली आणि पेन्सिलीने समासात खुणा करून परत पाठवली.

मी त्यांची पूजा करायला बसलेली नाही. एका मुद्द्यावर आमचं अखेरपर्यंत जमलं नाही. समरी कोर्ट मार्शलमध्ये जवानाचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश असतो आणि आरोपीला वकिलाचा हक्क नसतो, मदतीला फार तर एक 'मित्र' मिळतो. मी पेपरात लिहिलं होतं की ही पद्धत शांततेच्या काळात टिकता कामा नये. सरांनी मला त्या प्रश्नाला दहापैकी तीन दिले. शिस्तीचा प्रश्न आला की त्यांच्यातला सेकंड लेफ्टनंट जागा व्हायचा आणि प्राध्यापक बाहेर जाऊन उभा राहायचा. ते तिथे चुकत होते असं मला आजही वाटतं. हे शोकसभेत म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण काकू पहिल्या रांगेत होत्या.

आता चौकाच्या बाजूने जे बोललं गेलं त्याकडे येते. समितीतल्या एका ज्येष्ठांचा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. ते म्हणाले, "शनिवार चालवणारी माणसं जातात, उत्साह दोन वर्षांत ओसरतो. चौक राहतो. पन्नास वर्षांनी एखादं पोर विचारेल तरी, हे कोण होते म्हणून." यावर मी दोन रात्री विचार केला. पोरं विचारतात का? आपण राम मारुती रोडवर खरेदी करतो, गोखले रोडवर पार्किंग शोधतो. ते राम मारुती कोण आणि ते गोखले कोणते, हे नौपाड्यात जन्मलेल्या दहा जणांना विचारून पाहावं. नाव पत्त्यात विरघळून जातं आणि त्यात कुणाचा अपमान नसतो, पण त्याला स्मृती म्हणायचं का? कोर्ट नाक्यावर डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे. तिथून रोज शेकडो वकील जातात, मीही जाते. हा माणूस घटना लिहिण्याच्या कितीतरी आधी, १९३५ साली, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला होता आणि सुभेदाराचा मुलगा होता, हे आमच्यातल्या किती जणांच्या मनात येत असेल? तरी त्या पुतळ्याला निदान दरवर्षी लाखो माणसांची जिवंत चळवळ आधार देते. एका प्राध्यापकाच्या चौकाला असा कुणाचा आधार असणार?

पण त्यांच्या म्हणण्याचा पहिला भाग, उत्साह ओसरण्याचा, शंभर टक्के खरा आहे आणि माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळू नये. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ शिक्षकाच्या देखरेखीखाली विधी सहाय्य केंद्र चालवणं बंधनकारक आहे. कागदावर ते बहुतेक ठिकाणी असतं. वर्षाला एक शिबिर, बॅनर, गटाचा फोटो, फाइलला चार पानं. पुढच्या वर्षी नवा बॅनर. मीसुद्धा विद्यार्थिदशेत असं एक शिबिर 'केलं' आहे. आम्ही सतरा जण गेलो, नऊ माणसं आली, त्यांतले तीन रेशनकार्डाचं विचारायला. परत कुणी फिरकलं नाही, कारण परत कधी यायचं हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. सरांच्या शनिवारचं सगळं बळ ठरलेल्या वेळेत होतं. कागद अपुरा असेल तर 'पुढच्या शनिवारी घेऊन या' म्हणता यायचं.

आणि शिक्षक तरी कुठून आणायचा? सर पूर्णवेळ पगारावर होते, निवृत्तीनंतर कॉलेजचं पेन्शन होतं, म्हणून त्यांना शनिवार देता आला. आज कायदा शिकवणारे कितीतरी तरुण तासिका तत्त्वावर आहेत. तासाचे पैसे, सुट्टीत काहीच नाही. सकाळचा तास ठाण्यात, अकराचा कल्याणला, दुपारी मिळालं तर कोर्ट. अशा मुलाला 'सरांसारखे व्हा' म्हणून सभेत सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचे शनिवारचे तीन तास कुणीतरी विकत घेतले पाहिजेत.

म्हणून माझी मागणी साधी आणि पैशाची आहे. चौकाच्या शिल्पासाठी, कठड्यासाठी, दिव्यांसाठी, उद्घाटनाच्या मांडवासाठी जी वर्गणी जमणार आहे ती जमवा. जास्तच जमवा. त्यातून एका तरुण शिक्षकाला दर शनिवारचं मानधन द्या आणि दोन विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च. जागा म्हणून शाळेचा एखादा वर्ग पुरेल, शनिवारी दुपारी रिकामेच असतात. कॉलेजने या तासांना प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत म्हणजे मुलं फोटोपुरती येणार नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी आधीच बोलून ठेवा, कारण न्यायाधिकरणात जायचं ठरलं तर वकील लागेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. गंमत अशी की जवानाच्या विधवेला तो वकील मिळतो तो जवानाची पत्नी म्हणून नव्हे, स्त्री म्हणून, कारण त्या कलमाच्या यादीत माजी सैनिक हा वर्गच नाही. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जवानांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता' योजना आणली. १५१०० हा मदतीचा क्रमांकही आहे. पण या सगळ्यापर्यंत पोचायला त्या बाईच्या पिशवीतला कागद आधी कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

"यात सरांचं नाव कुठे?" असं बैठकीत एकाने विचारलं. रास्त प्रश्न आहे. वर्गाच्या दारावर लावा ना पाटी, 'प्रा.' एवढंच लिहून, आत शिरताना दिसेल अशी. गणवेशातला तो फोटोही आत लावा. काकूंना आवडेल, आणि समोर बसलेल्या हवालदाराला बोलायला धीर येईल. माझा राग त्या गणवेशावर कधीच नव्हता.

पुढची बैठक मंगळवारी आहे. माझ्या बाजूने समितीतल्या सातातले तीन आहेत, माझ्यासकट. दरम्यान एक गोष्ट घडली आहे, ती कामकाजात यावी म्हणून नोंदवते. गेल्या शनिवारी सरांच्या इमारतीच्या वॉचमनने मला फोन केला. दिघ्याहून एक आजी आल्या होत्या, नातवाबरोबर. सर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. फ्लेक्स लागला तो त्यांच्या वाटेवर नव्हताच. मी जाऊन कागद घेतले. डिस्चार्ज बुकात जन्मतारीख एक आणि पीपीओवर दुसरी, कुटुंब निवृत्तिवेतन सात महिने बंद. मी त्यांना पुढच्या शनिवारी तीन वाजता शाळा सोडल्याचा दाखला घेऊन यायला सांगितलं आहे. कुठे यायचं ते शुक्रवारपर्यंत कळवते म्हटलं.